न चाखलेला घास

आधी वास येतो. वाळवलेल्या कातड्यांचा, ओल्या लोकरीचा, तंबाखूचा. डोळे अंधाराला सरावले की छतापर्यंत रचलेले बीव्हरच्या कातड्यांचे गठ्ठे दिसू लागतात. तुम्ही अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात उभे आहात. ह्युरॉन आणि मिशिगन ही दोन सरोवरं जिथे एकमेकांना मिळतात, तिथल्या मॅकिनॅक बेटावर. तारीख 6 जून 1822. हिवाळाभर रानात काढलेले फ्रेंच कॅनेडियन नावाडी याच दिवसांत माल घेऊन बेटावर उतरतात, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कुणी हिशेब चुकता करतोय, कुणी नवी सुरी अंगठ्यावर फिरवून बघतोय.

तेवढ्यात कुणाच्या तरी हातातली बंदूक उडते.

धूर विरतो तेव्हा एक विशीतला नावाडी जमिनीवर पडलेला असतो. अलेक्सी सेंट मार्टिन. बदकं मारायचे छर्रे दोन हातांवरून त्याच्या डाव्या छातीखाली घुसलेत. सदऱ्याने पेट घेतलाय. वर टेकडीवरच्या लष्करी किल्ल्यातून डॉक्टर विल्यम बोमाँट धावत येतात तेव्हा तुम्हीही वाकून बघा, जमत असेल तर. बरगड्या फुटल्यात. फुप्फुसाचा टर्कीच्या अंड्याएवढा भाग बाहेर आलाय. त्याखाली जठराला भोक पडलंय आणि त्यातून सकाळची न्याहारी बाहेर येतेय. बोमाँट जखम साफ करतात, पण हा 36 तासांपेक्षा जास्त काढेल असं त्यांना वाटत नाही. भूल देण्याचं औषध नाही, जंतूंची कुणाला कल्पना नाही. या माणसाचं अजून 58 वर्षांचं आयुष्य शिल्लक आहे, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

पहिले 17 दिवस तोंडावाटे घेतलेलं सगळं त्या भोकातून बाहेर पडतं. त्याला गुदद्वारातून पोषक द्रव देऊन जगवतात. मग पट्ट्या घट्ट बांधल्या की अन्न आत टिकू लागतं. महिने जातात. जखम भरते, पण विचित्र रीतीने. जठराच्या भोकाच्या कडा बरगड्यांमधल्या स्नायूंना आणि कातडीला चिकटून जातात आणि एक कायमचं दार तयार होतं. 1823 साली बेटावरचे अधिकारी या कंगाल परक्या माणसाचा खर्च सोसायला नकार देतात, त्याला होडीत घालून दूर मॉन्ट्रियलकडे पाठवून द्यायचं ठरवतात. बोमाँट त्याला स्वतःच्या घरी आणतात. हे लक्षात असू द्या, कारण पुढे बोमाँटांबद्दल वेगळं काही वाटू लागेल. त्याआधी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी वर्षभराहून जास्त काळ रोज त्याची जखम धुतली होती.

त्याच हिवाळ्यात जठराच्या अस्तराची एक घडी वाढते आणि भोकावर आतून झाकण बनते. अन्न आता सांडत नाही. बोटाने झाकण आत ढकललं की मात्र जिवंत माणसाचं जठर उघडं दिसतं. बोमाँटांच्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्हाला समजू शकतं.

त्या काळी पोटात काय घडतं याबद्दल नुसते तर्क चालत. कुणी म्हणे जठर अन्न शिजवतं. जठराग्नी मानणारे आपले वैद्यही त्याच बाजूचे. कुणी म्हणे अन्न आंबतं, कुणी म्हणे जात्यासारखं दळलं जातं. या वादात एका माणसाने आधीच मोठी मजल मारली होती. त्याच्याकडे एक छोटी फेरी मारून येऊ: इटलीतलं पाव्हिया, 1770चं दशक. पाद्री आणि निसर्गअभ्यासक लाझारो स्पालान्झानी टेबलाशी बसून एका चिमुकल्या कापडी पिशवीत चावलेला पाव भरतात, पिशवीचं तोंड शिवतात आणि ती गिळून टाकतात. सुमारे एका दिवसाने पिशवी शरीराबाहेर पडते. टाका शाबूत, आतला पाव नाहीसा. म्हणजे दळणं नव्हे. काहीतरी पातळ द्रव कापडातून आत शिरला आणि त्याने पाव विरघळवला. तो द्रव मिळवायला ते उपाशीपोटी स्वतःला ओकारी आणतात. तुम्हाला मळमळेल. पण माझ्या मनात या माणसाबद्दल फार आदर आहे. जे जाणून घ्यायचं होतं, त्याचा त्रास त्यांनी स्वतःच्या पोटाला दिला.

परत अमेरिकेत. 1 ऑगस्ट 1825, दुपारचे बारा. बोमाँटांची आता नायगराच्या किल्ल्यावर बदली झाली आहे आणि अलेक्सी त्यांच्या घरी गडी म्हणून काम करतो. बोमाँट एका रेशमी दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर सात-आठ ग्रॅमचे तुकडे बांधतात: मसाला लावून शिजवलेलं गोमांस, कच्च्या खारवलेल्या डुकराच्या मांसाची चरबी, कच्चं खारवलेलं गोमांस, तेच उकडलेलं, शिळा पाव आणि कच्च्या कोबीचे काप. दोरा ते भोकातून जठरात सोडतात. अलेक्सी सदरा खाली ओढतो आणि घरकामाला लागतो.

त्याच्या मागोमाग अंगणात जा. तो चालतोय, ओझं उचलतोय. आत सहा पदार्थांचं जेवण चालू आहे आणि त्याच्या जिभेला त्याचा पत्ता नाही. एक वाजता दोरा ओढून काढतात: कोबी आणि पाव साधारण अर्धे गेलेत, मांस जसंच्या तसं. पुन्हा आत. दोन वाजता कोबी, पाव, चरबी, उकडलेलं मांस सगळं साफ. दोऱ्याला फक्त मसालेदार आणि कच्चं मांस उरलंय. पुन्हा आत. तीनच्या सुमारास अलेक्सी सांगतो, पोटात दुखतंय, अंगात त्राण नाही. दोरा बाहेर येतो. दुसऱ्या दिवशीही त्याचं डोकं दुखतं, जीभ पांढरी पडते. औषध म्हणून बोमाँट पाऱ्याच्या गोळ्या देतात. त्याही त्या भोकातूनच.

सहा दिवसांनी आणखी एक प्रयोग. 17 तास उपाशी ठेवलेल्या अलेक्सीच्या जठरात तापमापक घालतात; पारा 100 अंश फॅरनहाइटवर स्थिरावतो. मग रबरी नळीने औंसभर जाठररस काढून कुपीत घेतात, त्यात उकडलेल्या गोमांसाचा तुकडा टाकतात आणि कुपी तेवढ्याच गरम पाण्यात ठेवतात. तुम्ही कुपीसमोर बसून राहा. चाळीस मिनिटांनी मांसाचा पृष्ठभाग सैल पडतो. तासाभरात रस गढूळ होतो. रात्री नऊपर्यंत मांस उरलेलं नसतं. पोटाबाहेर, काचेत, एका माणसाचं मांसाहारी जेवण पचलेलं तुम्ही बघता. जठराच्या आत दोऱ्याला बांधलेला दुसरा तुकडा दुपारीच संपला होता, कारण तिथे रस ताजा सुटत राहतो आणि जठर घुसळत राहतं. पण कळीची गोष्ट सिद्ध झाली. पचन ही रासायनिक क्रिया आहे, आणि तिला जिवंत भिंतींची गरज नाही.

कुपीतला रस बोमाँट जिभेला लावून बघतात. आंबट, किंचित खारट. आज आपल्याला माहीत आहे की जठराच्या भिंतीतल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात आणि दुसऱ्या काही पेशी एक निद्रिस्त विकर सोडतात. आम्लाचा स्पर्श झाला की ते जागं होतं आणि प्रथिनांचे तुकडे पाडू लागतं. त्याला पेप्सिन हे नाव तेओडोर श्वान यांनी 1836 साली दिलं. दिवसाला दोनेक लीटर असा रस तुमच्याही पोटात सुटतो, आणि मांस विरघळवणारा तो रस तुमचंच जठर का खात नाही? कारण आतून चिकट श्लेष्माचा थर आहे, त्या थरात आम्लाला मारणारा अल्कधर्मी द्रव आहे, आणि वरच्या पेशी काही दिवसांत पूर्ण बदलून टाकल्या जातात. आपल्या पोटाचं अस्तर आपल्यापेक्षा खूपच तरुण असतं.

अलेक्सी त्याच वर्षी परवानगी न घेता कॅनडाला निघून जातो. लग्न करतो, दोन मुलं होतात. 1829 साली कंपनीच्या माणसांकरवी शोध लावून त्याला कुटुंबासह मिसिसिपीकाठच्या प्रेअरी द शीनला आणलं जातं; बोमाँट आता तिथल्या किल्ल्यात आहेत. इथे थोडं थांबू, कारण मला तुम्हाला इथलंच खरं दाखवायचंय.

अलेक्सी उजव्या कुशीवर झोपलाय. झाकण दाबून धरलंय आणि खिडकीतला उजेड आत पडतोय. जठराचं अस्तर फिकट गुलाबी, मखमली दिसतं, पातळ श्लेष्माने ओलं. पावाचा तुकडा टेकवताच तिथे बारीक टोकं उठतात आणि त्यांतून स्वच्छ थेंब पाझरू लागतात. हे दृश्य त्याआधी कुणी इतकं मन लावून पाहिलेलं नव्हतं. तुम्ही खाल्लेल्या प्रत्येक घासाला तुमच्या आत असाच प्रतिसाद मिळत आलाय.

बोमाँट थंडीत, गरमीत, पावसात, उपाशीपोटी, भरल्यापोटी बघत राहतात. बरेच दिवस दारू झाल्यावर अस्तरावर लाल चट्टे आणि फोड दिसतात, अलेक्सीला मात्र काहीच जाणवत नसतं. आणि मग ते नोंदतात की तो रागावला किंवा घाबरला की तेच अस्तर कधी लाल आणि कोरडं पडतं, कधी पांढुरकं. रस कमी होतो. संतापात पित्त वर जठरात चढून येतं. एरवी ते तिथे क्वचितच सापडतं.

संतापायला त्याला कारणंही होतीच. उपास सांगितला जाई, झोपायला सांगितलं जाई, रस काढताना पोटात खोल कळ येई. रसाच्या कुप्या उबदार राहाव्यात म्हणून त्याच्या काखेत ठेवल्या जात. स्वतःचा जाठररस काखेत धरून माणूस तासन् तास वावरायचा. एकदा सकाळच्या न्याहारीनंतर चार वाजेपर्यंत त्याला उपाशी ठेवलं. पोटात कावळे कोकलू लागले. मग बोमाँटांनी उकडलेल्या गोमांसाचा छोटा तुकडा भोकातून आत घातला आणि भूक शमली, पोटातली गुरगुर थांबली. शास्त्रासाठी ही मोलाची नोंद आहे. पण तुम्ही तिथे उभे राहून त्या भुकेल्या माणसाच्या तोंडाकडे बघा. भूक गेली. जेवण मात्र झालंच नाही.

त्या प्रयोगांतून बोमाँटांनी पचनाच्या वेळांचा तक्ता बनवला, तो पुढे कितीतरी पुस्तकांत छापला गेला. उकडलेला भात 1 तास. भाजलेलं डुकराचं मांस 5 तास 15 मिनिटं. आजारातून उठलेल्याला मऊ भात भरवणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीला तो पटला असता. वेळा एकाच जखमी माणसाच्या आहेत, सगळ्यांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. क्रम मात्र पुष्कळसा खरा आहे. चरबी जठरातून सावकाश पुढे सरकते, हे आजही शिकवलं जातं.

1832 साली करार होतो. वर्षाला 150 डॉलर, शिवाय अन्न, वस्त्र, निवारा. बदल्यात डॉक्टर नेतील तिथे जायचं आणि जठरावर सांगतील ते प्रयोग करू द्यायचे. अलेक्सीला लिहिता येत नाही. तो कागदावर फुली मारतो. पुढच्या वर्षी प्लॅट्सबर्गला पुस्तक निघतं, बोमाँटांची कीर्ती युरोपात पोचते. अलेक्सी 1834 नंतर पुन्हा कधीच त्यांच्याकडे आला नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं, 1853 साली मृत्यू येईपर्यंत, बोमाँट त्याला परत आणू बघत होते.

अलेक्सी 24 जून 1880 रोजी क्यूबेकमधल्या सेंट थॉमस गावी वारला. त्या गावात जाऊन तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. उन्हाळा आहे आणि घरच्यांनी मुद्दाम प्रेत कित्येक दिवस ठेवलंय. मॉन्ट्रियलचे नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना शवविच्छेदन करायचं होतं, ते जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात जावं अशी त्यांची इच्छा होती. कुटुंबाने दाद दिली नाही. शरीर कुजू दिलं, मग आठ फूट खोल खड्ड्यात पुरलं, म्हणजे कुणी उकरून नेणार नाही. शास्त्राचं यात नुकसान झालं असेलही. मला त्या घरच्यांचं पटतं.

आता पूर्वेला, सेंट पीटर्सबर्गला. 1890चं दशक, प्रायोगिक वैद्यकाच्या संस्थेतली इव्हान पावलोव्ह यांची प्रयोगशाळा. बोमाँटांचं पुस्तक आल्यानंतर 1842 साली मॉस्कोत वासिली बासोव्ह यांनी शस्त्रक्रियेने कुत्र्याच्या जठराला तसंच भोक पाडलं होतं. पावलोव्ह पुढे गेले. समोरच्या कुत्र्याची अन्ननलिका गळ्यात कापून दोन्ही तोंडं बाहेर शिवली आहेत. कुत्रा मांस चावतो, गिळतो, आणि घास गळ्यातून परत भांड्यात पडतो. तो पुन्हा उचलून खातो. बघवत नाही, पण नजर खाली न्या. पाचेक मिनिटांनी जठराला जोडलेल्या नळीतून स्वच्छ रस ठिबकू लागतो. जठर रिकामं आहे. त्यात कणभरही मांस गेलेलं नाही. मेंदूपासून जठराकडे येणारे व्हेगस मज्जातंतू कापले की हा रस थांबतो.

मग पावलोव्ह उलटं करतात. कुत्र्याचं लक्ष नसताना दोऱ्याला बांधलेलं मांस गुपचूप जठरात सोडायचं. दोन कुत्रे, एकाला सोबत खोटं जेवण, म्हणजे चावणं आणि चव, दुसऱ्याला काहीच नाही. दीड तासाने दोरे ओढतात. ज्याला चव मिळाली त्याच्या जठरात जवळपास 30 टक्के मांस पचलंय. दुसऱ्याच्या जठरात जवळपास 6 टक्के. पाव किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग तसाच गुपचूप आत घातला तर पहिला तासभर रसाचा थेंबही सुटत नाही.

इथे उभं राहिलं की नायगराचा तो रेशमी दोरा वेगळा दिसू लागतो. बोमाँटांनी पाहिलं ते पचन खरंच होतं, पण अर्धवट होतं. त्यातून तोंड वगळलं होतं. घास चाखला जाणं ही पचनाच्या अलीकडची हौस नसून तीच पचनाची पहिली पायरी आहे. ताटावर बसलेल्या माणसाशी भांडू नये, आवडीचा एक तरी पदार्थ पानात असावा, या घरोघरच्या रीतीमागे व्हेगसच्या धाग्यावरून जाणारा निरोप आहे. पावलोव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळालं ते याच पचनाच्या कामासाठी. घंटेच्या आवाजाला लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट नंतर गाजली.

शेवटचा मुक्काम टोकियो, 1908च्या आधीचा एखादा हिवाळा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुने इकेदा यांच्या घरी या. आतापर्यंत तुम्ही फक्त बघत आलात. इथे वाडगं हातात मिळेल. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचं सार आणि त्यात टोफू, इतकंच. इकेदा घोट घेऊन विचारात पडतात. गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडू नाही, तरी भरीव काहीतरी आहे. जर्मनीत शिकत असताना टोमॅटो, चीज, मांस यांतही त्यांना तेच जाणवलं होतं. ते सुमारे 12 किलो कोम्बू उकळून, गाळून, आटवून सुमारे 30 ग्रॅम स्फटिक मिळवतात. ग्लुटामेट. त्याच्या चवीला ते उमामी म्हणतात. वर्षभरात ते पूड होऊन बाजारात येतं आणि पुढे आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवर अजिनोमोटो म्हणून पोचतं. जिभेवर त्याला ओळखणारे ग्राहक रेणू सापडायला मात्र 2000 साल उजाडावं लागलं. प्रथिनं फुटली की ग्लुटामेट मोकळं होतं, म्हणून मुरलेलं, आंबवलेलं, मंद शिजलेलं अन्न त्या चवीचं लागतं. आईच्या दुधातही ते भरपूर असतं.

आणि शाळेत काढलेली ती जिभेची आकृती, टोकाला गोड, मागे कडू, ती विसरून जा. चव घेणाऱ्या कळ्या जिभेच्या सगळ्या भागांवर सगळ्या चवी ओळखतात. तिखट ही चवच नव्हे, ती उष्णतेची आणि वेदनेची खबर आहे. आपण ज्याला स्वाद म्हणतो, त्यातलं बरंचसं घशामागून नाकात चढलेल्या वासाचं देणं असतं. सर्दी झाली की वरण-भात मिळमिळीत लागतो तो त्यामुळेच.

वाडगं गार होतंय. तोंडाजवळ न्या. वाफ नाकात गेली तेव्हाच लाळ सुटली आहे; तिच्यातलं विकर पिष्टाला हात घालायला तयार आहे. पहिला घोट जिभेवर पसरवा. कळ्यांनी ग्लुटामेट ओळखलं, मेंदूने व्हेगसवरून खाली निरोप धाडला, आणि टोफूचा तुकडा अजून तुमच्या दातांखाली असताना तिकडे मखमली अस्तरातून रसाचे थेंब उठायला लागलेत. सावकाश चावा. भातही येतोय.